नमुना एक

पहिली पडली तेव्हा वाटलं,
टाकीवर कुणी पोरानं चेंडू मारला.
मग दुसरी.
मग मोजायचं राहूनच गेलं.

अल ऐनमधला आमचा मुलहक,
म्हणजे मालकाच्या घरामागच्या दोन खोल्या;
एकीवर स्लॅब, आणि स्वयंपाकघरावर
हिरवट फायबरचे पन्हाळी पत्रे.
दिगंबर ओट्याखाली शिरला, त्याच्यामागे मी.
कांद्याची पाटी, गॅसची टाकी आणि आम्ही दोघं,
इतके खेटून किती वर्षांत बसलो नव्हतो.
वर कुणी ट्रकनं खडी ओतत होतं.

आठ मिनिटं.
मग फ्रिजची घरघर ऐकू आली.

सकाळी सत्तावीस भोकं,
फरशीवर सत्तावीस कवडसे,
एक नेमका परातीत, कणकेवर.
देखणं होतं, खोटं कशाला बोलू.
दिगंबर म्हणाला, फोटो काढ, मालकाला दाखवायला लागतील.
फोटोत नुसती भोकं आली.

आटपाडीला आईला फोन लावला.
"गारा? तिथं? वाळूत?"
जरा थांबून म्हणाली,
"मग तिकडची डाळिंबं गेली असतील गं."

नातूर मुखलेस करार घेऊन आला.
कलम नऊ: किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे.
किरकोळ म्हणजे केवढं भोक?
माझी मूठ जाते.
मुखलेसची अडकते.

सनैयात रांग.
काचांच्या जागी प्लास्टिक चिकटवलेल्या गाड्या,
पंचेचाळीसचा पत्रा एकशे दहाला,
आणि गुलरेज पत्रेवाल्याच्या वहीत
आमचा नंबर एकशे चौसष्ट.
"मंगळवारनंतर," म्हणाला.
कुठला मंगळवार, ते सांगितलं नाही.
तोवर निळी ताडपत्री, बारा विटा,
सिलिकॉनच्या तीन नळ्या,
आणि पुन्हा ढग आले तर म्हणून
खाली परात, पातेलं, कुकरचा डबा.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आला,
अबू खलफ, ऐंशीच्या पुढचा,
एका हातात काठी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर.
मी फ्रीझरमधून पुरावा काढला.
लॅबमध्ये काम करते मी, हाताला सवय आहे:
पिशवी, तारीख, वेळ, 'नमुना एक'.
ओल्या नारळाच्या डब्याशेजारी
लिंबाएवढी गार.

त्यानं पत्र्याकडे मान वर केलीच नाही.
पिशवी उघडली, गार तळहातावर घेतली.
"बरद," म्हणाला.
मला ऐकू आलं 'बरड',
आमच्या माळाचा तो तुकडा,
कुसळं आणि गारगोट्यांपलीकडे
ज्यानं कधी काही दिलं नाही.
नातू म्हणाला, थंडीलाही तेच म्हणतात,
फक्त मधला अ गिळायचा.
मी म्हटलं, आमच्यात तेवढंही करावं लागत नाही.
ही गार. पाणी गार. हात गार.
म्हाताऱ्यानं म्हणून पाहिलं, "गार,"
र जरा जास्त वेळ जिभेवर ठेवून.

लहानपणी, म्हणाला, झावळ्यांचं घर होतं.
गारा पडल्या त्या झावळ्यांत अडकून बसल्या,
आणि दोन दिवस छत ठिबकत राहिलं.
आई खाली उभी राहून केस धूत होती.

पाणी त्याच्या मनगटावरून
पांढऱ्या बाहीत शिरत होतं.
पुरावा वितळत होता, मी कलम नऊ आठवत होते,
आणि थांबवा म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

"पत्रे तुमचे, मजुरी माझी," जाताना म्हणाला.
दिगंबर म्हणाला, निम्मे पत्रे तरी?
नातवानं ते अरबीत सांगितलं की नाही, कोण जाणे.
म्हाताऱ्यानं काठी हलवली.
हो की नाही, यावर आम्ही रात्री भांडलो.

उरलेली, बोराएवढी, परत फ्रीझरमध्ये ठेवलीय.
गुलरेज आज एकशे चाळीसवर आहे.
ताडपत्रीखाली भाकरी निळी दिसते.
दिगंबर डोळे मिटून खातो.